वरकुट्याची डाळिंबं आणि हॉलंडची क्रेडिटं

ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात कॉलेजातली जादा कामं पडतात अशी समजूत आहे. मला नाही म्हणता येतं, आणि चांगलं खणखणीत म्हणता येतं. तरीही हे काम माझ्याच गळ्यात पडलं. बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सिव्हिलच्या मुलांना पाणी शिकवत असे. म्हणजे पाणी नळातून, पाटातून आणि सांडव्यावरून कसं वाहतं याचं शास्त्र, ज्याला आम्ही फ्लुइड मेकॅनिक्स म्हणतो. मुलं मला पाठीमागे स्पीडब्रेकर म्हणत. ते मला ठाऊक होतं आणि ते नाव मला आवडायचंही.

एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. परदेशातल्या दोन-तीन विद्यापीठांशी आपला करार झालाय, म्हणाले. मुलांनी काही वर्षं इथे शिकायचं, उरलेली तिकडे. इथल्या अभ्यासाची क्रेडिटं तिकडे मान्य करून घ्यायची, ते काम तुम्ही बघा.

"मीच का?" मी विचारलं.

"मॅडम, तिकडची माणसं भोळी नसतात. गोड बोलणारा माणूस नको तिथं, तुमच्यासारखाच पाहिजे."

ही स्तुती होती की काय, हे निवृत्त झाले तरी मला कळलेलं नाही.

कराराचा समारंभ झकास झाला होता. शाल, नारळ, पाहुण्यांना फेटे, आणि दोन देशांचे झेंडे एका टेबलावर. फेटा बांधलेला परदेशी पाहुणा सगळ्यांना 'छान छान' म्हणत होता. अवघड गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि तिचे फोटो कोणी काढत नाही.

क्रेडिट म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण ह्या शब्दाला लोक उगाच घाबरतात. मुलगा एखादा विषय शिकला की त्याच्या खात्यावर त्या विषयाचं वजन जमा होतं. ते वजन म्हणजे क्रेडिट. ठरावीक वजन जमलं की पदवी. आता गंमत अशी की आमचा आणि त्यांचा काटा निराळा. आमच्याकडे आठवड्याला एक तास वर्गात शिकवलं की सत्राअखेर एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे दोन तास मिळून एक. म्हणजे आम्ही मास्तरची मेहनत मोजतो. ते लोक विद्यार्थ्याची मोजतात. वर्गात बसला ते तास, ग्रंथालयात बसला ते, घरी डोकं खाजवत बसला तेही. मग ते विचारतात, तुमचा विद्यार्थी ह्या विषयाला घरी किती वेळ देतो? आता काय सांगणार? आमची निम्मी मुलं घरी गेली की आधी गोठ्यात जातात.

म्हणून प्रत्येक विषयाचं वर्णन लिहायचं. काय शिकवलं, कोणती प्रात्यक्षिकं केली, परीक्षा कशी घेतली. त्यातून भलभलते प्रश्न यायचे. पहिल्या वर्षाला आमच्याकडे वर्कशॉप असतं. मुलं कानशीने लोखंडाचे दोन तुकडे घासून एकमेकांत अचूक बसवतात, त्याला जॉब म्हणतात. हे कशासाठी, असं एका विद्यापीठानं विचारलं. मी सविस्तर उत्तर लिहिलं. आमच्या इंदापूरच्या एका विद्यार्थ्याला माझ्या उत्तरावर भरवसा वाटला नाही. त्यानं जॉबच पिशवीत घातला आणि घेऊन निघाला. विमानतळावर सामानाच्या तपासणीत ते लोखंड दिसलं, आणि हे हत्यार नसून शिक्षण आहे, हे पटवताना त्या पोराची पाचावर धारण बसली. शेवटी जॉब तिथेच राहिला आणि पोरगा गेला. क्रेडिट मात्र मिळालं.

परत येणाऱ्यांची निराळीच तऱ्हा. एक मुलगी सहा महिन्यांसाठी तिकडे जाऊन आली, तर तिच्या गुणपत्रकावर बर्फावर घसरण्याच्या खेळाची क्रेडिटं. आमच्या अभ्यास मंडळानं त्यावर गंभीर चर्चा केली. एका सरांचं म्हणणं, हे घर्षणाच्या प्रकरणात धरता येईल. सर विनोद करत नव्हते.

पण ह्या कामातली मला सगळ्यात जास्त आठवते ती अश्विनी. अश्विनी आणि तिचे वडील तात्या.

अश्विनी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची. तिच्या पणजोबांची मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन ते कोकणात उतरायचे. तात्यांनी मेंढरं पाहिली ती लहानपणीच. त्यांची आहे ती डाळिंबाची बाग. शेततळं, ठिबक आणि फळांना कागदी टोप्या घालण्याइतकी निगा. त्यांचा माल पॅकहाऊसवरून, म्हणजे निर्यातीची फळं निवडून पेट्या भरतात तिथून, थेट हॉलंडला जायचा. हॉलंड म्हणताना तात्या असं म्हणायचे की वाटावं, भिगवणच्या पुढचं गाव आहे.

अश्विनी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला माझ्या वर्गात आली. हुशार, पण उतावळी. गणित मांडायचा तिला भारी कंटाळा. नळाचा व्यास, चढ, अंतर एवढं वाचलं की ती सरळ उत्तरच लिहायची, आणि ते बहुतेक बरोबर असायचं. लहानपणापासून ठिबकच्या नळ्या जोडलेल्या, त्यामुळे दाब कुठे कमी पडणार हे तिला कागदाआधी दिसायचं. मी तिला दहादा सांगितलं की मला उत्तर नको, तिथवर कशी पोचलीस ते हवं. उद्या वरकुट्याच्या बागेऐवजी एखाद्या शहराचं पाणी तुझ्या हाती येईल, तेव्हा अंदाज चालणार नाही. ती मान डोलवायची आणि पुन्हा तेच करायची.

आमचं कॉलेज स्वायत्त झालं होतं, म्हणजे पेपर आम्हीच काढायचे आणि आम्हीच तपासायचे. सत्र परीक्षेत तिनं पुन्हा नुसती उत्तरं लिहिली. मी तिला नापास केलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तात्या कॉलेजात आले. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आणि खांद्यावर पेरूंचं क्रेट. मी मनाशी तयारी केली. नापास मुलांचे पालक दोन प्रकारचे, रडणारे आणि कोणाचा तरी फोन लावून देणारे. बारामतीत दुसरा प्रकार जास्त.

तात्यांनी क्रेट टेबलाशेजारी ठेवलं आणि खुर्चीच्या टोकावर बसले.

"पोरगी नापास केली म्हणं तुमी."

"हो."

"बरं केलं." मी बघतच राहिले. "तिला वाटतंय, ठिबक जोडता आलं म्हंजी पाण्यातलं समदं कळलं. माझं तर आयकतच न्हाय. तुमचं तरी आयकंल."

"आणि हे पेरू?"

"पेरू हायती. बांधावरचं झाड हाय, औंदा लई लागलंय. तुमास्नी द्यायचं म्हणून कवाधरनं चाललं हुतं." आणि उठून गेले. एक शब्द जास्त नाही. विभागातल्या सगळ्यांनी पेरू खाल्ले, मीही खाल्ले. उन्हाळ्याच्या परीक्षेत अश्विनीनं तोच पेपर पुन्हा दिला. पानंच्या पानं रीत लिहिली होती, जरा रागानेच लिहिली होती असं अक्षरावरून वाटलं, आणि चांगल्या गुणांनी पास झाली.

पुढच्या वर्षी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. करारातल्या हॉलंडच्या विद्यापीठात पाण्याच्या नियोजनाचा अभ्यासक्रम होता. तिला तो करायचा होता.

"मॅडम, आपण पाणी नाही म्हणून त्याचा अभ्यास करतो. ते पाणी जास्त आहे म्हणून करतात. मला दोन्ही बाजूंनी बघायचंय."

हे वाक्य तिनं पाठ करून आणलं असेल, तरी मला आवडलं. तिकडच्या तिसऱ्या वर्षात तिला शिष्यवृत्तीसह जागा मिळणार होती, पण अट एकच. इथल्या पहिल्या दोन वर्षांची क्रेडिटं तिकडच्या परीक्षा समितीनं मान्य केली पाहिजेत. नाही केली तर पहिल्या वर्षापासून सुरुवात, आणि पहिल्या वर्षाला शिष्यवृत्ती नव्हती. म्हणजे नाहीच. इथलं चालू तिसरं वर्ष वाया गेलं तरी चालेल म्हणाली. शिवाय जागा त्याच वर्षापुरती होती. घरच्यांनी स्थळं थांबवून धरली होती, तीही तेवढ्याच बोलीवर. चुलत्यांचं म्हणणं होतं, जायचं तर जाऊ दे, नाही जमलं तर माघात उरकून टाकू. अश्विनी हे हसत सांगायची, पण हसताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

मी कागदपत्रांना लागले. तात्या गुणपत्रक बघायला आले आणि त्यांचं बोट बरोबर एका ओळीवर थांबलं. पहिला प्रयत्न नापास, दुसरा पास. आमच्याकडे ह्या प्रकाराला एटीकेटी म्हणतात. एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देतात, राहिलेला विषय मागाहून सोडवायचा.

"मॅडम, एवढी वळ वगळा की. पास झालीच हाय न्हवं मागनं?"

"तात्या, झालं ते जसंच्या तसं जाणार."

"तुमीच केल्ती नापास," ते म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही. मग सहज विचारल्यासारखं, "त्या तिकडच्या, क्रेडिटं मंजूर करनाऱ्या बाईंचं हापिस कुठल्या गावात हाय?"

मला वाटलं, मुलगी कुठे जाणार ते बापाला जाणून घ्यायचं असेल. मी गाव सांगितलं, इमारतीचं नावही सांगितलं. तात्यांनी ते पॅकहाऊसच्या पोराला फोन करून लिहून घ्यायला लावलं, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तिकडच्या बाई म्हणजे परीक्षा समितीच्या प्रमुख प्राध्यापिका, योहाना बाई. माणूस सरळ आणि चिवट. काही महिने आमची पत्रापत्री चालली. त्यांचा प्रश्न आला की मला आधी राग यायचा, आणि उत्तर लिहिताना लक्षात यायचं की प्रश्न बरोबर आहे. आपल्यासारखंच कोणीतरी तिकडे बसलंय असं वाटून बरंही वाटायचं. सर्वेक्षणाच्या शिबिराचं वर्णन मी तीन वेळा लिहिलं. बारामतीलगतच्या जळोचीच्या माळावर उन्हात मुलं यंत्र लावून जमिनीची उंची-सखलता मोजतात, हे त्यांना पटायला वेळ लागला. आणि एटीकेटीवर तर दोन पत्रं. शेवटी त्यांचं लिहून आलं की बहुतेक विषय मान्य होतील असं दिसतं, समितीच्या बैठकीत शिक्कामोर्तब व्हायचं बाकी आहे. मी अश्विनीला सांगितलं. तिनं माझ्यासमोर उडी मारली नाही, बाहेर जाऊन मारली. व्हरांड्यातून आवाज आला.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात योहाना बाईंची मेल आली. मी ती उभ्या उभ्या वाचली आणि मग खाली बसून परत वाचली.

विद्यार्थिनीच्या कुटुंबाकडून समितीच्या कार्यालयात फळांची पेटी आली आहे, असं त्यात होतं. एका तरुणानं ती हातोहात आणून दिली. सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीतला मजकूर बाईंनी जसाच्या तसा दिला होता. आमच्या अश्विनीच्या क्रेडिटांसाठी, वरकुट्याहून प्रेमपूर्वक, आपले आगाऊ आभार. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे, निर्णय होण्याआधी अर्जदाराकडून भेट येणं ही गंभीर बाब आहे. प्रकरण थांबवण्यात येत आहे. विद्यार्थिनी आणि कॉलेजच्या प्रतिनिधीनं समितीपुढे खुलासा करावा. शिवाय समितीला हेही जाणून घ्यायचं आहे की अशा भेटी देण्याची पद्धत कॉलेजातही आहे का, कारण ह्या विद्यार्थिनीचे गुण तिथल्याच शिक्षकांनी दिलेले आहेत.

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

'आगाऊ आभार'वरून मी कपाळावर हात मारला. आपण कुठल्याही कचेरीला अर्ज लिहिला की शेवटी तेच लिहितो, शाळेत तसंच शिकवलेलं असतं. पॅकहाऊसच्या कारकुनानं तेच इंग्रजीत उतरवलं. आपल्याकडे तो अर्जाचा शेवट. तिकडे तो सौद्याचा कबुलीजबाब झाला.

मी तात्यांना फोन लावला. तुम्ही हॉलंडला डाळिंबं पाठवलीत?

"व्हय. रॉटरडॅमला आमच्या पॅकहाऊसवाल्याचा भाचा असतोय, त्यानं सोता न्हिऊन दिली." मग काळजीनं, "का वो? माल खराब निघाला का?"

"तात्या, मालाचं नाही..."

"एक बी डाग नव्हता मॅडम. मी सोता निवडल्यात. औषधाचा अंश न्हाय त्याचा रिपोर्ट बी लावला हुता संगं."

मग मी काय झालंय ते सांगितलं. पलीकडून बागेतला वारा आणि कुठेतरी मोटार चालू असल्याची घरघर ऐकू येत होती.

"म्हंजी त्यास्नी वाटलं, मी लाच दिली?"

"हो."

"डाळिंबाची?"

त्यांना अपमान वाटला की हसू आलं, ते आवाजावरून समजेना. मग म्हणाले, "माझा आजा मेंढरं घिऊन जायाचा. ज्याच्या हिरीवर कळप पाणी प्यायला, त्येच्या दारात दुधाची कासंडी ठेवल्याबिगर फुडं जायाचा न्हाय. त्ये बी लाचच म्हणायचं का?"

तात्यांचं बरोबर होतं. योहाना बाईंचंही बरोबर होतं. आणि दोघांच्या मधे ती पोरगी अडकली होती.

अश्विनी वडिलांशी बोलेनाशी झाली. कॉलेजात माझ्यासमोर बसून रडली, मग चिडली. "माझी दोन वर्षं एका पेटीत घातली मॅडम ह्यांनी." मी तिला रडू दिलं. दुसरं काही सुचलं नाही हे खरं.

खुलाशाची बैठक व्हिडिओवर होती, दुपारी. प्राचार्यांच्या खोलीत मोठा पडदा. प्राचार्य, मी आणि अश्विनी टेबलाशी. तात्या वरकुट्याहून आपणहून आले होते. मी त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून बजावलं होतं की एक अक्षर बोलायचं नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बैठकीआधी प्राचार्य मला हळूच म्हणाले, "मॅडम, कॉलेजात असं काही चालत नाही, एवढंच सांगा आणि विषय संपवा."

पडद्यावर तिघं होती. मध्ये योहाना बाई, मी कल्पना केली होती त्यापेक्षा म्हाताऱ्या. अश्विनीला पहिल्यांदा बोलू दिलं. तिनं सांगितलं की पेटीची आपल्याला माहिती नव्हती, आणि मग जरा थांबून म्हणाली, "पण माहिती असती तरी बाबांनी काही वाईट केलंय असं मला वाटलं नसतं. घरी पिकलेलं देतात, एवढंच." आठवडाभर बापाशी अबोला धरलेली पोरगी हे म्हणाली. कोपऱ्यातल्या माणसाला इंग्रजी कळत नव्हतं, पण मुलीचा आवाज कळला असावा. त्यांनी टोपी उगाच सरळ केली.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "प्राध्यापक, तुम्ही स्वतः ह्या कुटुंबाकडून अशा भेटी घेतल्या आहेत का?"

"हो," मी म्हणाले.

प्राचार्य खोकले.

"काय घेतलं?"

"डाळिंबं. पेरू. हंगामात हरभऱ्याचे डहाळे. फक्त ह्यांच्याकडूनच नाही, बऱ्याच जणांकडून. आमच्याकडे शेतात पिकलेलं ओळखीच्या माणसाला दिल्याशिवाय खात नाहीत."

"तरीही तुम्ही दिलेल्या गुणांवर आम्ही विश्वास ठेवावा, असं तुमचं म्हणणं आहे?"

हा प्रश्न मी स्वतः विचारला असता, आणि अगदी असाच विचारला असता. मी म्हणाले, "तुमच्यासमोर तिचं गुणपत्रक आहे. दुसऱ्या वर्षातला फ्लुइड मेकॅनिक्स बघा. त्या ओळीवर तुम्ही मला दोन पत्रं लिहिलीत."

बाईंनी चष्मा लावला. "पहिला प्रयत्न नापास."

"तो पेपर मी तपासला. तिला मी नापास केलं, आणि तिची उत्तरं बरोबर असताना केलं, कारण रीत लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचे वडील पेरूंचं क्रेट घेऊन माझ्याकडे आले. ते बघा, त्या कोपऱ्यात बसलेत. नापास केलंत ते बरं केलं म्हणाले, पेरू ठेवले आणि गेले."

मग बाईंच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आणि ती पास झाली तेव्हा काय आणलं?"

मी आठवू लागले. खरंच आठवेना. म्हणून तात्यांना मराठीत विचारलं, "तात्या, अश्विनी त्या विषयात पास झाली तेव्हा तुम्ही काय आणलं होतं?"

तात्यांना बोलायची परवानगी मिळाली की नाही ह्याचा अंदाज येईना. ते अर्धवट उठले. "काय बी न्हाय. उनाळा हुता न्हवं. बाग ताणावर हुती."

डाळिंबाला बहर यावा म्हणून काही आठवडे झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. त्या दिवसांत झाडावर फळ नसतं. हे मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं. मुलगी नापास झाली तेव्हा फळ होतं म्हणून आणलं, पास झाली तेव्हा झाडावर काही नव्हतं म्हणून आणलं नाही.

शेजारचे गृहस्थ मोठ्यानं हसले. योहाना बाई हसल्या नाहीत, पण चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. निर्णय लेखी कळवू, म्हणाल्या.

"मॅडम," तात्या तेवढ्यात पुटपुटले, "माल कसा निघाला, तेवढं इचारा की."

मी विचारलं. काय बिघडतं, असं वाटलं.

पेटी नियमाप्रमाणे विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात दिली, समितीपैकी कोणीही चव घेतलेली नाही, असं बाईंनी सांगितलं. मी त्याचं भाषांतर केलं. त्या सगळ्या प्रकरणात तात्यांचा चेहरा पहिल्यांदा पडला तो तेव्हा. लाचेचा संशय त्यांनी झेलला होता. एवढा निवडून पाठवलेला माल ज्यांच्यासाठी धाडला त्यांनी तोंडातच घातला नाही, हे काही झेललं जाईना.

निर्णय काही दिवसांनी आला. संविधान आणि पर्यावरण ह्या दोन विषयांची क्रेडिटं त्यांनी धरली नाहीत, बाकी सगळी धरली. ती दोन तिकडे भरून काढायची होती. फ्लुइड मेकॅनिक्ससमोर शेरा होता, पूर्णपणे मान्य. अश्विनीनं ह्या खेपेला उडी माझ्यासमोरच मारली. टेबलावरचं पाणी सांडलं.

ती गेली. आमच्या विभागात मात्र एक परिपत्रक लागलं. विद्यार्थी किंवा पालकांकडून कोणतीही वस्तू, फळफळावळसुद्धा, स्वीकारू नये. त्यावर माझीही सही होती, आणि सही मी मनापासून केली. उद्या कुणाचं क्रेट पाहून कुणा सरांचा लाल पेन खरंच अडखळणार नाही, याची हमी मी देऊ शकत नव्हते. नियम बरोबर होता. पण त्या हिवाळ्यात विभागात पेरूचा वास आला नाही, आणि मला फार चुकल्या-चुकल्यासारखं झालं. आणखीही काही बंद झालं. पेरू ठेवायला आलेली माणसं खुर्चीच्या टोकावर बसून पोराबद्दल दोन गोष्टी खऱ्या सांगून जायची. आता ती पालकसभेला येऊन मागच्या बाकावर बसू लागली आणि सह्या करून जाऊ लागली.

डाळिंबाच्या दिवसांत मी तात्यांना फोन केला होता. म्हटलं, कॉलेजात नको, जळोचीला घरी या, चहाला.

"चहाला यीन मॅडम. पर मोकळ्या हातानं तुमच्या दारात कसं यायचं? आणि भरल्या हातानं आलो तर पोरीचं तितं अजून शिक्षान हाय. ऱ्हाऊ द्या." आले नाहीत. दोन हंगाम आले नाहीत. मी बाजारातून डाळिंबं आणली. बरी होती, पण कोणत्या बागेतली ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

यंदा मी निवृत्त झाले. निरोप समारंभाला परत शाल आणि नारळ. स्पीडब्रेकर काढला, आता गाड्या सुसाट, असं एका माजी विद्यार्थ्यानं भाषणात म्हटलं, आणि सगळ्यात जास्त मीच हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून बसले आणि कळेना की आता जायचं कुठे. असे काही दिवस गेले.

मग एका सकाळी जळोचीतल्या घरासमोर मोटारसायकल थांबली. मागे बांधलेलं क्रेट सोडून तात्या आत आले. केस आणखी पांढरे झालेले, टोपी तीच. क्रेट त्यांनी ओट्यावर ठेवलं, विचारलं नाही की ठेवू का.

अश्विनी पास झाली होती. तिकडेच एका पाणी खात्याच्या कचेरीत लागली, दोन वर्षं राहून मग बघू म्हणते, असं तात्यांनी सांगितलं. स्थळाचं काय, मी विचारलं. "चुलता इचारतोय अजून. ती रीत मांडायला सांगती त्याला." आणि स्वतःच हसले.

"आणि योहाना बाई?"

"त्यास्नी बी धाडली पेटी, निकाल लागल्यावर. पोरीनंच न्हिऊन दिली. त्या बाईनं आदी इचारलं, तुजं माज्याकडं काय काम ऱ्हायलंय का? ही म्हणली, न्हाय. मग फोडलं एक, तितंच उभ्यानं." तात्यांनी मोबाईल काढून फोटो दाखवला. योहाना बाईंच्या पांढऱ्या बाहीवर लाल डाग पडला होता आणि त्या हसत होत्या. "ग्वाड हाय म्हणल्या," तात्या म्हणाले. इतकी वर्षं ज्याच्या उत्तरासाठी थांबले होते ते त्यांना मिळालं होतं.

मी आतून सुरी आणि ताटली आणली. म्हटलं, "मग आज इकडे कशी वाट वाकडी केलीत तात्या? एवढ्या दिवसांनी?"

"आता चालतंय की," ते म्हणाले. "पोरगी सुटली, तुमी बी सुटला. आता तुमच्या हातात काय बी ऱ्हायलं न्हाय. म्हणून तर आणल्यात."

मी डाळिंब चिरलं. दाण्यांचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. किती वेगानं आणि कोणत्या कारणानं, ते मी कुणालाही गणित मांडून सांगितलं असतं. पुसलं मात्र नाही. तात्या खुर्चीच्या टोकावरून जरा मागे सरकून बसले होते, आणि मी काय म्हणते त्याची वाट बघत होते.

"गोड आहे," मी म्हणाले.